जिभेवर बसलेला शब्द

उसामी काझुए कुठल्याही शाळेत शिकवत नव्हती, तरी अर्ध्या किनारपट्टीवर लोक तिला सेन्सेइ म्हणत. तिचा धंदाच निराळा. कुणाला काय शिकवायचं, कुठल्या क्रमाने शिकवायचं आणि शिकवलेलं खरंच अंगी लागलं का हे कसं तपासायचं, याचे आराखडे ती करून द्यायची. मासळीच्या कारखान्यात बर्फाची यंत्रं चालवणारे, बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्या मुली, बोटीवरचे तिकीट तपासनीस, सगळ्यांना तिने कधी ना कधी वळण लावलं होतं. ‘मी सांगितलं होतं की!’ असं म्हणणाऱ्या साहेबांची तिला मनस्वी चीड. "सांगितलं म्हणजे शिकवलं नव्हे," ती फटकारायची. "मोरीत पाणी ओतलं म्हणजे आंघोळ झाली का?"

तिची पद्धत ठरलेली. माणूस नेमका कुठे अडतो ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मग त्या अडण्यापुरता आराखडा, मग साहित्य, मग शिकवणी, आणि सगळ्यात शेवटी पडताळणी. पडताळणीत कुणी नापास झालं तर काझुए त्या माणसाला बोल लावत नसे. "माणूस नापास होत नाही, आराखडा होतो," हे तिचं लाडकं वाक्य. ते ती जरा जास्तच वेळा ऐकवायची.

समुद्राकाठच्या टेकाडावर हमानासु निवास नावाचं म्हाताऱ्या माणसांचं घर होतं. दोनच मजले. खाली चालती-फिरती माणसं, वर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेली. उलट का नाही, असं काझुएने पहिल्याच दिवशी विचारलं, तर उत्तर मिळालं की पूर्वीपासून असंच आहे. पूर्वीपासून असंच आहे हे उत्तर त्या देशात पुरतं, आणि आपल्याकडे पुरत नाही अशातलाही भाग नाही.

तिला बोलावलं होतं व्यवस्थापक काडोवाकींनी. काडोवाकी म्हणजे गोल चेहऱ्याचा, अतिशय सभ्य माणूस. टेलिफोनवर माफी मागतानासुद्धा कमरेत वाकायचा. गावच्या अग्निशमन केंद्राचा अधिकारी आगीचा सराव बघायला आला होता आणि जाताना चारचौघांत त्यांना झापून गेला होता. तेव्हापासून काडोवाकींना नीट झोप नव्हती. "सेन्सेइ, पुढच्या सरावात माझी अब्रू तुमच्या हातात," ते म्हणाले.

काझुएने आपल्या शिरस्त्याप्रमाणे आधी एक सराव बघायला मागितला. घंटा वाजली. वरच्या मजल्यावरची सेविका नेझु फुमिए हिने माइक हातात घेतला आणि तिची दातखीळ बसली. सगळ्या इमारतीभर कर्ण्यांतून नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. खाली लोक हसू दाबत होते. शेवटी कुणीतरी तिला कोपराने ढोसलं, तशी ती किंचाळली, "आग! आग लागली हो, आग!" खालच्या मजल्यावरची एक आजी तिथेच मटकन बसली आणि रडायला लागली.

घोळ तो हाच होता. तिथे कुठलाही सराव असो, आगीचा, भूकंपाचा, की त्सुनामीचा, घोषणेचा पहिला शब्द ‘सराव’ असतो, आणि तो दोनदा म्हणायचा असतो. ऐकणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी घाबरून धावत येऊ नये, म्हणून. घरात शिरताना जोडे काढावेत इतकं ते अंगवळणी पडलेलं. तो शब्द विसरणं म्हणजे जोड्यांसकट चटईवर चढणं. अधिकारी झापून गेला होता तो यावरूनच. नेझु-सानने त्याच्यासमोर नेमकं हेच केलं होतं.

"तिला धुलाईला टाकतो," काडोवाकी कुजबुजले. "स्वभावाने सोनं आहे हो. पण वर एकटीच्या पाळीला अशी बाई ठेवायची म्हणजे... उद्या खरंच काही झालं तर?"

नेझु-सान साठीला टेकलेली विधवा होती. तरुणपणी माकुळ मासळी वाळवायच्या कामावर होती, त्यामुळे दंड पुरुषासारखे आणि बोटं भेगाळलेली. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत नागुमो आजी होती. नव्वदीच्या पुढची, डोळ्यांनी गेलेली, आणि हट्टी. तोंडाशी चमचा कुणाचा आला हे ती वासावरून ओळखायची आणि नेझु-सानचा नसला तर ओठ घट्ट मिटून घ्यायची. धुलाईची बातमी कानावर आली तशी नेझु-सान काझुएला जिन्यात गाठून म्हणाली, "सेन्सेइ, धुणं धुवायची मला लाज नाही. आयुष्यभर हात ओलेच होते माझे. पण मी खाली गेले तर नागुमो आजी जेवायची बंद होईल हो. ती उपाशी मरेल, तुम्हाला सांगते."

"मग शिकायचं," काझुए म्हणाली.

"माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

"डोकं चांगलंय तुमचं. अडते ती जीभ. घंटा वाजली की जीभ डोक्याकडे बघत बसते, आणि डोकं आधीच पळालेलं असतं. आपण जिभेला डोक्याची वाट बघायला लावायचीच नाही."

काझुएचे डोळे हे बोलताना चमकत होते. अशी अडलेली माणसं म्हणजे तिचा जीव की प्राण. हुशार माणसाला कुणीही शिकवील, त्यात काय मोठेपणा! दातखीळ बसणारी बाई आणि विसरलेला शब्द, दोन्ही दुखण्यांवर तिने एकच औषध काढलं. जी गोष्ट विसरते तीच हातात कडीसारखी द्यायची.

"पहिला शब्द म्हणजे दाराची कडी," ती नेझु-सानला म्हणाली. "कडी काढली की दार आपसूक उघडतं. बाकीच्या वाक्याची काळजी नको, ते मागून येतं. पहिला शब्द कुठला?"

"सराव."

"किती वेळा?"

"दोनदा. सराव, सराव! दुसऱ्या मजल्यावर आग लागली आहे. दुसऱ्या मजल्यावर आग लागली आहे. सगळ्यांनी शांतपणे बाहेर पडा."

"शाब्बास. आता भांडी घासता घासता म्हणा."

मग तो उन्हाळाभर त्या दोघींचा खेळच झाला. काझुए आली की बोलता बोलता मध्येच पातेल्यावर चमचा आपटायची, आणि नेझु-सानने हातातलं काम न सोडता घोषणा म्हणायची. चादरी बदलताना, न्हाणीघर घासताना, पुढे पानगळ लागली तशी पर्सिमनची फळं सोलून वाळत घालताना. शब्द गाळला तर गुण वजा. अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून. खालच्या मजल्यावर तेरुई नावाचे एक वात्रट आजोबा होते, पूर्वीचे न्हावी. ते तिला बघितलं की चहाच्या पेल्यावर टिचकी मारायचे आणि ती खरोखरच "सराव, सराव" म्हणून मोकळी व्हायची. "पोपट झाला बाईचा, पोपट!" तेरुई आजोबा मांडी थोपटून हसायचे. "आता पिंजराच तेवढा आणायचा राहिला!"

एकदा नेझु-सान स्वतःच हसत हसत सांगायला आली. घरी चुलीवर किटली शिटी द्यायला लागली, आणि ही डुलकीतून उठून म्हणाली, "सराव, सराव!" शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "नेझु-सान, मी घरातच आहे, सावकाश पेटवा!"

काझुएला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं. हाडात मुरलं म्हणतात ते हेच. त्याच आनंदात ती निघाली होती, तर नेझु-सानने तिला दाराशी थांबवलं.

"सेन्सेइ, एक विचारू? खरीच आग लागली तर?"

"तेव्हाही हेच."

"असंच?"

"तंतोतंत असंच. अंगाला खरं-खोटं कळत नाही, नेझु-सान. जे घोटून घेतलंय तेच ते करतं. म्हणून तर एवढं घोटायचं."

नेझु-सानने मान लववली आणि मनातल्या मनात ‘तंतोतंत’ असं म्हटलं असावं, कारण तिचे ओठ हलले. काझुए जोडे घालून बाहेर पडली.

शेवटची पडताळणी पानगळीत ठरली. अग्निशमनचे लोक येणार, धुराचं यंत्र आणणार, आणि नेझु-सान वर राहणार की धुलाईला जाणार याचा निकाल त्याच दिवशी लागणार होता. आदल्या दिवशी दुपारी काझुए बारीकसारीक ठरवायला म्हणून निवासात आली. खालच्या मोठ्या खोलीत खाऊची वेळ चालली होती. वाफवलेली रताळी आणि भाजक्या पानांचा चहा. म्हातारी मंडळी रताळ्याची सालं काढत बसली होती. काडोवाकींनी काझुएला आग्रहाने खुर्चीवर बसवलं.

"उद्याचं काय वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"पास होणार. मला तर वाटतं, दिवस सांगून परीक्षा घेणं हीच चूक आहे. खरी परीक्षा न सांगता घ्यायची."

"अरे बाप रे! न सांगता?" काडोवाकी हसले. "माझं हृदय बंद पडायचं."

तेवढ्यात घंटा वाजली.

सगळे दचकले. काडोवाकींच्या पेल्यातला चहा बशीत सांडला. तेरुई आजोबांनी काठी पकडली. एक सेविका दाराकडे निघालीसुद्धा. माणसं अशी खुर्चीतून अर्धवट उठलेली असताना कर्ण्यांतून नेझु-सानचा आवाज आला. स्वच्छ, ठाम, एकही अडखळ नाही.

"सराव, सराव! दुसऱ्या मजल्यावर आग लागली आहे. दुसऱ्या मजल्यावर आग लागली आहे. सगळ्यांनी शांतपणे बाहेर पडा."

खोलीभर सुस्कारा फिरला. उठलेले बसले. दाराशी गेलेली सेविका छातीवर हात ठेवून मागे वळली आणि हसली. आजींनी पुन्हा रताळी हातात घेतली.

काझुएचं काय झालं ते सांगायला हवं, कारण पुढे जन्मभर तिला तेच आठवणार होतं. तिला रडू आलं. आनंदाने. दातखीळ बसणारी बाई, माइकमधून नुसता श्वास ऐकवणारी बाई, राणीसारखी बोलली होती. काझुएने डोळे पुसले आणि सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"वा, सेन्सेइ!" काडोवाकी बोट नाचवत म्हणाले. "न सांगता परीक्षा! आणि मला कळूही दिलं नाहीत!"

"मी? मला वाटलं तुम्हीच ठरवलंय."

"मी कुठला ठरवतोय! तुम्ही भारीच लबाड बुवा."

काझुएला वाटलं ते विनोद करताहेत. काडोवाकींना वाटलं ती विनोद करतेय. दोघंही एकमेकांना वाकून हसले. मग काडोवाकींचा चेहरा एकदम पडला. घंटेची तार थेट अग्निशमन केंद्राला जोडलेली होती, आणि सरावाआधी ती बंद करायची असते. "अरे देवा, तार चालू राहिली की! बंब निघाले असतील! काय म्हणतील ते लोक!" असं म्हणत ते टेलिफोनकडे धावले. त्या दुपारी हमानासु निवासात पहिलं कुणी धावलं असेल तर ते यासाठी.

"हो, हमानासु निवास. नाही नाही, आग नाही, सराव चालू आहे. तार बंद करायला विसरलो. अत्यंत दिलगीर आहे. गाडी निघाली? वळवता येईल का? फार फार दिलगीर आहे," काडोवाकी प्रत्येक वाक्याला टेलिफोनपुढे कमरेत वाकत होते. पलीकडच्यानेही सभ्यपणे काहीतरी म्हटलं असणार, कारण ते पुन्हा एकदा वाकले आणि मग घाम पुसत परत आले.

दोन सेविका मदतीला वर निघाल्या. सरावाच्या नियमाप्रमाणे, न धावता, भिंतीच्या कडेने. एकीने जाताना उरलेलं रताळं तोंडात टाकलं.

"आज तो गोड वास नाही," तेरुई आजोबा म्हणाले.

"कसला वास, आजोबा?"

"धुराचा. अग्निशमनवाले आणतात तो धूर बिस्किटासारखा लागतो. मला आवडतो. आज काय टायर जाळलेत का? कंजूष झाले लेकाचे."

काझुए हसणार होती. ओठ हसण्यासाठी उघडलेसुद्धा. आणि तो वास तिच्या नाकात गेला. कडवट, घशाला ओरबाडणारा, जळक्या प्लॅस्टिकचा. धुराचं यंत्र उद्या येणार होतं. आज निवासात ते यंत्रच नव्हतं.

उठायचं हे तिला कळत होतं, पण अंग खुर्चीत तसंच. दातखीळ कशी बसते हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मग ती उठली, खुर्ची मागे पडली, आणि ती ओरडली, "खरं आहे! खरी आग आहे!"

आणि ऐका, कुणीही हललं नाही. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. एक आजी शेजारणीला म्हणाली, "किती छान करते नाही!" काझुएने काडोवाकींची कॉलर धरली. एरवी त्या देशात कुणी कुणाच्या खांद्याला हात लावत नाही, आणि ही बाई व्यवस्थापकाची कॉलर धरून गदागदा हलवत होती. "मी ठरवलेलं नाही! तुम्ही ठरवलेलं नाही! मग कुणी ठरवलं?" काडोवाकींचं तोंड उघडं राहिलं. शेवटी ते टेलिफोनकडे वळले, त्याच टेलिफोनकडे.

वर धावणाऱ्या काझुएला जिन्यात त्या दोन सेविका खोकत खाली येताना भेटल्या. वरचा बोळ धुराने भरला होता. काझुए ओला टॉवेल तोंडावर दाबून वाकून पुढे गेली, त्या दोघीही मागे वळल्या. कपडे वाळवायच्या खोलीचं दार बंद होतं आणि फटींमधून काळा धूर येत होता. दाराशी रिकामं झालेलं आग विझवायचं नळकांडं आडवं पडलेलं. म्हणजे नेझु-सानने विझवून बघितलं होतं. न विझल्यावर दार ओढून घेतलं होतं. जिन्याच्या तोंडाशी तीन म्हातारी माणसं चादरींवर होती, एकमेकांना बिलगलेली, खोकणारी, जिवंत. एकेकाला तिने एकटीने ओढत तिथवर आणलं होतं. आराखड्यात लिहिलं होतं, खालचे लोक येईपर्यंत जिन्याच्या तोंडाशी न्या. खालचे लोक लगेच येतात, असंही लिहिलं होतं.

नेझु-सान बोळाच्या मध्यावर सापडली. पालथी पडलेली, पण चादरीचं टोक दोन्ही मुठींत आवळलेलं. चादरीवर नागुमो आजी होती. मुठी सोडवायला दोघी लागल्या.

नागुमो आजी दवाखान्याच्या वाटेतच गेली.

बंब आले, उशिरा आले, आणि आग दार बंद असल्यामुळे एका खोलीतच विझली. अंगणात म्हातारी माणसं गोधड्या पांघरून बसली होती. तेरुई आजोबांच्या हातात अजून चहाचा पेला होता आणि तो ते कुणालाही घेऊ देत नव्हते. थोड्या वेळाने कुजबुज सुरू झाली, आणि ती अर्थातच ठरलेल्या दिशेने गेली. नेझु-सान गोंधळली. नेझु-सानला पहिल्यापासून जमतच नव्हतं. काडोवाकींनी अधिकाऱ्यापुढे वाकून सांगितलं, "आमच्या सेविकेचा गोंधळ उडाला. तिने चुकून सराव म्हटलं."

"ती गोंधळली नाही," काझुए म्हणाली.

अधिकाऱ्याने तिच्याकडे बघितलं.

"गोंधळली असती तर सगळे वाचले असते. शिकण्याआधी ती घंटा वाजली की गोंधळून ‘आग, आग’ ओरडायची. लोक घाबरून रडायचे. आज रडले असते, धावले असते. मी तिचा गोंधळ घालवला. माझ्या आराखड्याने घालवला."

"सेन्सेइ, तुम्ही थकला आहात," काडोवाकी हळूच म्हणाले. "आता असं काही बोलू नका. बसा जरा." ते दुष्ट नव्हते. सभ्य होते. मेलेल्या माणसाच्या अंगणात सभ्यपणा किती भयंकर दिसतो हे काझुएला तेव्हा दिसलं. तिने जे सांगायचं ते अधिकाऱ्याला दुसऱ्यांदा सांगितलं, आणि त्याने ते लिहून घेतलं की नाही ते तिला कळलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी नेझु-सानला भेटायला सोडलं. नर्सने बजावलं, घसा भाजलाय, बोलायला लावू नका. नेझु-सान उशीला टेकून बसली होती. भुवया जळल्यामुळे चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. काझुए खाटेपाशी खाली गुडघ्यांवर बसली आणि तिने फरशीला कपाळ टेकवलं. येताना तिने ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, नुसती माफी मागायची. लोक येऊन गेले होते, त्यांनी काय ते सांगितलं असेल अशी तिची समजूत होती.

"उठा हो, सेन्सेइ, असं काय करता," नेझु-सान म्हणाली. घशातून आवाज येत नव्हता, नुसती हवा येत होती. "मी काही तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्ही शिकवलंत म्हणून तर जमलं. माझी जीभ अडली नाही, माहीत आहे? धूर बघितला, आणि जीभ आपोआप चालायला लागली. मलाच नवल वाटलं."

काझुए उठली नाही.

"पण कुणी आलं नाही," नेझु-सान म्हणाली. "मी वाट बघितली. तिघांना आणलं, परत आजीकडे गेले. वाटलं, आता येतील. आजी विचारत होती, कोण येतंय, कोण येतंय. मी म्हटलं, येताहेत. कुणी आलंच नाही हो. माझा माइक बंद होता का?"

"चालू होता," काझुए म्हणाली.

"मग मी अडखळले असेन."

"नाही."

"काहीतरी गाळलं असेल. मी विसरभोळी. विचारते त्या सगळ्यांना, तर कुणी सांगत नाही. विषय बदलतात. तुम्ही तरी सांगा."

काझुएच्या आता लक्षात आलं. कुणीच सांगितलं नव्हतं. इतके लोक फळं घेऊन आले, वाकून गेले, आणि ती एवढीशी गोष्ट बरोबर तिच्यासाठी ठेवून गेले. तिने मान वर केली. "नेझु-सान, तुमचं काहीच चुकलं नाही. एक अक्षरही नाही. मी जे शब्द दिले तेच तुम्ही म्हटलेत. चूक त्या शब्दांत होती, आणि ते शब्द माझे होते."

नेझु-सानला ते पटलं नाही. सेन्सेइ मन राखायला बोलताहेत, असंच तिला वाटलं. ती थोडीशी हसलीसुद्धा. "तुम्ही नेहमी असंच म्हणता. माणूस नापास होत नाही म्हणे. थांबा, मी म्हणून बघते. तुम्ही ऐका आणि कुठे चुकलं ते सांगा."

"नको. नेझु-सान, नको!"

पण तिने डोळे मिटले होते. पांघरुणावर तिची उजवी मूठ वळली, माइक धरल्यासारखी, आणि अंगठ्याने बटण दाबलं. भाजलेल्या घशातून हवा बाहेर आली.

"सराव, सराव! दुसऱ्या म..."

तिचे डोळे उघडले. ती काझुएकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. ओठ एकदा हलले, आवाज न करता, पहिल्या शब्दापुरतेच. मग पुन्हा एकदा हलले. काझुएने तिचा हात हातात घेतला आणि बटणावरचा तो अंगठा सोडवायला गेली, तर तो सुटेना.